त्या कुवेती माणसाच्या गाडीचे ब्रेक

जानेवारी १९९१, सौदीतलं जुबैल. युद्ध आज सुरू होणार की उद्या, एवढंच ठरायचं राहिलं होतं...

माझ्याकडे तेव्हा सत्तर सालची अमेरिकन मसल कार होती. दोन दरवाजे, लांबलचक बॉनेट, आठ सिलिंडरचं इंजिन. इराकने कुवेत घेतल्यावर आमच्या प्लांटमधला एक अमेरिकन सुपरवायझर घाईघाईने मायदेशी गेला, त्याच्याकडून मी ती हौसेने घेतली होती.

यान्बूला, म्हणजे पार दुसऱ्या किनाऱ्यावर, माझा मेहुणा होता. क्षेपणास्त्रं तिथवर येणार नाहीत असं सगळे म्हणत. बायको सुनंदा आणि चार वर्षांची मुग्धा यांना तिकडे पोचवायचं ठरलं. विमानात जागा नव्हती. कफीलकडून, म्हणजे ज्याच्या नावावर आमचा व्हिसा होता त्या मालकाकडून, प्रवासाचं पत्र मिळालं... आणि गाडीचे पुढचे ब्रेक गेले.

एका डिस्कला तडा, ती आवळणारे दोन्ही कॅलिपर जाम. असले पार्ट अमेरिकेहून मागवावे लागत आणि बंदरात तेव्हा फक्त लष्कराचा माल उतरत होता. दोन दिवस मी जवळच्या दम्माममधली दुकानं पालथी घातली. अर्धी बंद, उरलेल्यांत नकार.

तिसऱ्या दिवशी एकाने हमीदभाईंचं नाव सांगितलं. मूळचे दापोलीचे, शहराबाहेर त्यांचं जुन्या गाड्यांचं भंगाराचं आवार होतं. सायरनच्या भीतीने सुनंदा एकटी घरी थांबेना, म्हणून मित्राच्या गाडीतून तिघंही गेलो.

आवाराच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली अगदी माझ्यासारखीच गाडी होती! मी जवळजवळ धावलोच. हमीदभाईंनी हात आडवा केला.

"ती नाही, साहेब. ती अमानत आहे."

कुवेतहून पळून येताना एका माणसाची ती गाडी इथे बंद पडली होती. "आईला घेऊन येतो, तोवर सांभाळ," असं सांगून तो परत कुवेतमध्ये गेला. तेव्हापासून पत्ता नाही.

मी विनवण्या केल्या, आवाज चढवला. हमीदभाई शांतपणे म्हणाले, "त्याने माझ्या भरवशावर ठेवलीय. मी कसा हात लावू?"

मी परत फिरलो. तेवढ्यात त्यांची नजर सुनंदाच्या खांद्यावरच्या पिशवीकडे गेली. आत विषारी वायूच्या हल्ल्याच्या भीतीने कंपनीने दिलेले दोन गॅस मास्क होते.

"पोरीचा कुठाय?"

"लहान मापाचे आलेच नाहीत," सुनंदा म्हणाली.

त्यांनी मुग्धाकडे बघितलं. मग जॅक आणायला गेले... गाडी विटांवर चढवून त्यांनी पुढच्या दोन्ही चाकांचे डिस्क, कॅलिपर, पॅड सगळं उतरवून दिलं. "परत आणून द्या," एवढंच म्हणाले.

रात्रीच ते माझ्या गाडीला बसवले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. मदिनेच्या अलीकडे एका उतारावर अचानक उंटांचा कळप आडवा आला. मी ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो. गाडी थांबली तेव्हा एक उंट बॉनेटवरून आत डोकावत होता. मुग्धा हसत होती.

युद्ध सुरू झालं आणि मीही यान्बूलाच अडकलो. ते संपल्यावर सुनंदा आणि मुग्धा जेद्दाहहून भारतात गेल्या. मेहुण्याने जेद्दाहलाच माझ्या गाडीसाठी दुसरे ब्रेक मिळवून दिले. कुवेती गाडीचे पार्ट गोणपाटात बांधून मी दम्मामला परतलो.

हमीदभाईंनी चहा सांगितला. चहा आल्यावर म्हणाले, "त्याचा भाऊ येऊन गेला."

गाडीचा मालक आईपर्यंत पोचलाच नव्हता. वाटेतच इराकी सैनिकांनी त्याला उचललं. कुवेत सुटलं, पण तो कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"विटांवरची गाडी बघून भाऊ चिडला असेल..." मी म्हणालो.

"मी सगळं खरं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, ती मुलगी पोचली का?"

दोन महिन्यांत हमीदभाईंना एक फोन करायचं मला सुचलं नव्हतं.

"मी काय सांगणार? म्हटलं, माहीत नाही..." त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

आम्ही दोघांनी मिळून ब्रेक परत बसवले. भावाने गाडी नेली नव्हती. माझा भाऊ आला की स्वतः नेईल, म्हणाला होता. तीन वर्षांनी मी सौदी कायमचं सोडलं, तेव्हाही ती तिथेच होती.

मुग्धा आता चाळिशीच्या घरात आहे. ज्याच्या ब्रेकमुळे ती वाचली त्याला मी कधी पाहिलं नाही, त्याच्या भावाचा पत्ताही मिळाला नाही. तेव्हा द्यायचा राहिलेला निरोप आज इथे लिहितोय... मुलगी सुखरूप पोचली. तुमचे फार उपकार आहेत.