तिला पेपरला बसवू नका

पणदऱ्यापासून थोड्या अंतरावरच्या एका वस्तीवरच्या सरकारी शाळेत मी नऊ वर्षं शिकवलं. तिथल्या पाचवीतल्या एका मुलीला मी चाचणीच्या दिवशी घरी राहायला सांगितलं. तिच्या घरी जाऊन, तिच्या आईनं केलेला चहा पीत सांगितलं. त्याचा राग अजून गेलेला नाही. तो आधी माझा स्वतःचा येतो, मग बाकीच्यांचा.

तिच्या वडिलांचा फळांचा व्यापार होता. आसपासच्या शेतकऱ्यांच्या डाळिंबाच्या, पेरूच्या बागा घ्यायच्या, माल तोडायचा, निवडायचा आणि बारामतीला नाहीतर इंदापूरला पोचवायचा. घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये कायम क्रेट रचलेले असत आणि शाळा सुटली की ती तिथंच असे. एकदा मी पेरू घ्यायला गेले, तर नुसतं क्रेटकडं बघून ती म्हणाली, "हे एकोणीस किलो भरंल, बाई. खाली बारका माल घातलाय." वडिलांनी हसत क्रेट काट्यावर ठेवलं. एकोणीसच्या थोडं वर भरलं.

वाचायला मात्र तिला वेळ लागायचा. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ तिला सारखेच दिसायचे. तिसरीत ती माझ्याकडं आली तेव्हा स्वतःच्या नावापलीकडं तिला काही वाचता येत नव्हतं. दोन वर्षं आम्ही दोघी मधल्या सुट्टीत व्हरांड्यात बसलो. पाचवीत ती अख्खा धडा वाचायला लागली. सावकाश, ओळीखाली बोट धरून, पण वाचलेलं विसरायची नाही. गोष्ट वाचून झाली की असे प्रश्न विचारायची की मलाच परत पान उलटावं लागायचं. वेळ लावून बघितलं नाही, तर ती वर्गात कुणाच्या मागं नव्हती.

पण आमच्याकडं सगळंच वेळ लावून बघायला लागले होते. दर काही महिन्यांनी वरून छापील पेपरांचे गठ्ठे यायचे. तालुक्यातल्या सगळ्या शाळांना एकच पेपर, एकच वेळ. गुण कॉम्प्युटरवर भरायचे आणि मग शाळांची यादी लागायची. वरच्या शाळा हिरव्या, मधल्या पिवळ्या, खालच्या लाल. लाल शाळेच्या मुख्याध्यापकांना बैठकीत उभं करून विचारायचे, काय करता तुम्ही दिवसभर?

आमच्या मुख्याध्यापकांना असं एकदा उभं केलं होतं. माणूस वाईट नव्हता. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं, पोरांना क्रिकेट शिकवणारा, स्वतःच्या मोटरसायकलवरून आजारी पोराला दवाखान्यात नेणारा. त्या बैठकीहून आले ते थेट ऑफिसात जाऊन बसले आणि जेवणाचा डबासुद्धा उघडला नाही. दुसऱ्या दिवशी वेळापत्रक बदललं. चित्रकला गेली, खेळाचा तास गेला, गोष्टींच्या पुस्तकांचं कपाट बंद झालं. त्या जागी सराव पेपर आले. पोरं रोज पेननं गोल काळे करायला लागली.

त्याच दिवसांत मी चौथीच्या वर्गाला सहज विचारलं होतं, आपल्या ओढ्याला उन्हाळ्यात पाणी का नसतं? पोरं गप्प. एरवी त्यांच्याच शेताला लागून असलेल्या ओढ्याबद्दल ती एकमेकांवर ओरडून सांगायची. शेवटी एक हुशार मुलगा म्हणाला, "बाई, पर्याय सांगा की." बाकीच्यांनीही माना हलवल्या. मी फळ्याकडं वळले, कारण मला त्यांच्यासमोर चिडायचं नव्हतं. चूक त्यांची नव्हती. हे आम्हीच शिकवलं होतं.

चाचणीच्या आदल्या आठवड्यात सरांनी मला ऑफिसात बोलावलं. समोर पाचवीची यादी होती आणि तिच्या नावापुढं पेन्सिलची खूण.

"मॅडम, हिचं काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे?"

"सराव पेपरला निम्मा पेपर कोरा सोडते ती. पाचवीत पोरं बारा. एकटी शाळेला खाली ओढते."

"तिला येतं सर. वेळ पुरत नाही एवढंच."

"ते मला माहितीये, तुम्हाला माहितीये. वर कुणाला माहितीये?" त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "त्या दिवशी ती आजारी पडली तर बरं. गैरहजर मुलांचे गुण धरत नाहीत."

मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "बघते." सरकारी नोकरीत ‘बघते’ म्हणजे ‘हो’.

संध्याकाळी तिच्या घरी गेले. वडील माल घेऊन इंदापूरला गेले होते. आईनं खुर्ची पुसून दिली, चहा ठेवला. मी सांगितलं की शुक्रवारी मुलीला पाठवू नका.

"का वो बाई? बरी हाय की ती."

"त्या दिवशी ठरावीक मुलांचीच परीक्षा आहे."

आईला ते पटलं. शाळेतल्या बाई कशाला खोटं सांगतील? पण ती मुलगी दारात उभी होती. "बाई, मी न्हाय का त्यात?" तिनं विचारलं. मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "तुझी नंतर घेऊ."

शुक्रवारी ती आली. धुतलेला गणवेश, दोन वेण्या, पॅड, दोन पेनं. तिला वाटलं असावं की आली तर बसवतील. वर्गाच्या दारात ती माझ्याकडं बघत थांबली. व्हरांड्याच्या टोकाला सर उभे होते. मी तिचा हात धरला आणि तिला स्वयंपाकखोलीत नेलं. तिथं खिचडी करणाऱ्या मावशी तांदूळ निवडत होत्या. "हिला तुमच्या मदतीला घ्या," मी म्हणाले.

मावशींनी तिच्या पॅडकडं बघितलं, मग माझ्याकडं. "हिनं काय केलंय, बाई?"

मी वळले. वर्गात जाऊन पेपर वाटले. अकरा मुलं गोल काळे करत होती आणि बाराव्या मुलीनं पूर्ण वेळ तांदळातले खडे काढले. हजेरीत मी तिच्या नावापुढं गैरहजरची खूण केली. ती माझ्यापासून वीस पावलांवर बसलेली होती.

आमची शाळा हिरव्यात आली. बारामतीला एका सभागृहात सत्कार झाला. शाल, नारळ, फोटो. ‘आपण हे कसं साधलंत’ यावर मला दोन मिनिटं बोलायला सांगितलं. मी सराव, पालकांचं सहकार्य, मुख्याध्यापकांचं मार्गदर्शन वगैरे बोलले. टाळ्या वाजल्या. मी खाली बसले. समोर टाळ्या वाजवणाऱ्यांत कितीतरी शिक्षक माझ्यासारखेच असणार, त्यांनीही आपापल्या शाळेतली मुलं कुठंतरी बसवून ठेवलेली असणार, हे मला तेव्हा पक्कं जाणवलं. आम्ही एकमेकांना टाळ्या देत होतो.

त्यानंतर ती वर्गात वाचेना. पुस्तक पुढं केलं की म्हणायची, "तिला वाचू द्या, बाई," आणि शेजारणीकडं सरकवायची. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात यायची बंद झाली. तिचा मूड नसेल, असं मी स्वतःला सांगत राहिले. जूनमध्ये सहावीचा वर्ग सुरू झाला तेव्हा ती आलीच नाही. आठवडा वाट बघून मी तिच्या घरी गेले.

वडील शेडमध्ये डाळिंबं निवडत बसले होते. ती बाजूला कागद फाडून क्रेटमध्ये अंथरत होती. मला बघून उठली आणि आत गेली.

"मी जबरदस्ती न्हाय करणार, बाई," वडील म्हणाले. "तीच म्हणती मला येत न्हाय. शाळेनंच सांगितलं म्हणती."

"शाळेनं नाही. मी सांगितलं," मी म्हणाले आणि सगळं सांगून टाकलं. यादी, पेन्सिलची खूण, आजारी पडली तर बरं, तांदूळ. त्यांच्या हातातलं डाळिंब तसंच राहिलं.

 मग त्यांनी एवढंच विचारलं, "तवाच का न्हाय बोललात?"

 नोकरी, बैठक, निवृत्तीला आलेले सर, ही सगळी कारणं त्या शेडमध्ये उभं राहून तोंडातून निघेनात. मी म्हणाले, "चुकलं माझं. तिला पाठवा."

आतून तिचा आवाज आला. "पेपरला बसवणार का?"

"बसवणार."

"मध्येच न्हाय ना उठवणार?"

"नाही उठवणार."

ती चार दिवसांनी आली. सहावीही माझ्याकडंच होती. पुढच्या चाचणीला मी तिला पहिल्या बाकावर बसवलं. तिनं निम्म्याहून थोडा जास्त पेपर सोडवला आणि जेवढा सोडवला त्यात एकच चूक होती. वेळ संपल्यावर पेपर काढून घ्यावा लागला, नियमच तसा होता. मी तिचे गुण होते तसे भरले. सगळ्या वर्गाचे होते तसे भरले. एरवी मुलांच्या बाकाजवळून फिरताना बोटानं उत्तर दाखवायची पद्धत होती, तीही त्या दिवशी मी पाळली नाही. शाळा हिरव्यातून थेट लालमध्ये गेली.

तालुक्याच्या शिक्षण ऑफिसातून दोन ओळींचं पत्र आलं. निकालातील घसरणीबाबत संबंधित वर्गशिक्षकाने तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा. मी चार पानं लिहिली. ती लिहिताना जुने आदेश बघावेत म्हणून ऑफिसातलं कपाट उघडलं आणि फायली काढत बसले. त्यात एक परिपत्रक सापडलं, कोपरे पिवळे पडलेलं. वाचण्या-लिहिण्यात अडचण असलेल्या मुलांची रुग्णालयात तपासणी करून घ्यावी, प्रमाणपत्र मिळाल्यास त्यांना परीक्षेत जादा वेळ द्यावा, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. खाली आमच्याच शाळेचा आवक शिक्का होता. त्याखाली सगळ्या शिक्षकांच्या सह्या. त्यांत माझीही होती.

मी ते पान हातात घेऊन खुर्चीवर बसले. तो कागद न वाचता मी सही केली होती. त्याचवेळी यादीचे रंग मला पाठ होते. कुठल्या शाळेला किती टक्के, कुणाचा नंबर कुणाच्या वर, हे आम्ही चहा पिताना बोलायचो. मुलीला हक्कानं मिळणारा वेळ कपाटात पडून होता आणि आम्ही तिला तांदूळ निवडायला बसवत होतो.

सरांनी खुलासा वाचला. चौथ्या पानावर मी लिहिलं होतं की तिच्याआधी दोन वर्षांत आणखी तीन मुलांना मी असंच घरी ठेवलं आहे. ते तिथं थांबले.

"हे शेवटचं पान काढा, मॅडम. तुमच्यावरच येईल."

"येऊ द्या."

"माझ्यावरही येईल."

"तुम्हीच सांगितलं होतं, सर."

त्यांनी पानं जुळवून माझ्यापुढं सरकवली. मग म्हणाले, "मी सही करत नाही. तुम्ही स्वतः नेऊन द्या." मी एसटीनं बारामतीला गेले, शिक्षण ऑफिसच्या खिडकीवर खुलासा दिला, पोच घेतली. उत्तर आजपर्यंत आलेलं नाही. रागावून तरी कुणीतरी काही लिहील असं मला वाटलं होतं. पुढच्या चाचणीची तारीख मात्र वेळेवर आली.

प्रमाणपत्रासाठी तिला पुण्याला न्यावं लागलं. एकदा डॉक्टर रजेवर होते, एकदा कागद अपुरा निघाला. तिसऱ्या खेपेला वडील म्हणाले, "आजचा माल बुडाला, पण येतो." तपासणीला तिला आत घेतलं तेव्हा आम्ही दोघं बाकावर बसलो होतो. त्यांनी पिशवीतून दोन पेरू काढले आणि एक माझ्या हातात दिला. मला वाटलं त्यांनी मला माफ केलं असावं. पण तसं ते बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही.

प्रमाणपत्र मिळालं. माझी त्यानंतर इंदापूर तालुक्यात बदली झाली. कशामुळं ते मी विचारायला गेले नाही. ती आता हायस्कूलला आहे. तिथल्या वर्गशिक्षकांनीही सुरुवातीला ‘असं एकीला वेगळं कसं करणार’ म्हणून कां-कू केलं. तिचे वडील परिपत्रकाची झेरॉक्स घेऊन गेले आणि टेबलावर ठेवून, सही होईपर्यंत तिथून हलले नाहीत. परवा तिचा फोन आला. सहामाहीचा गणिताचा पेपर झाला होता. कसा गेला, मी विचारलं.

"पुरा झाला, बाई. शेवटचा प्रश्न पण."

किती मार्क पडतील ते मी विचारलं नाही. पहिल्यांदाच तिला अख्खा पेपर बघायला मिळाला होता.

मला आनंद झाला, हे खरं. पण फोन ठेवल्यावर बाकीची तिघं डोळ्यांसमोर आली. त्यांतला एक मुलगा आता बारामतीत एका गॅरेजमध्ये आहे असं कळलं. एका मुलीचं कुटुंब ऊसतोडीला गेलं ते परत आलं नाही. तिसरी कुठं आहे हे मला माहीत नाही. त्या तिघांना वाचायला खरंच येत नव्हतं, की नुसता वेळ पुरत नव्हता, हेसुद्धा मी कधी बघितलं नाही. नावापुढं पेन्सिलची खूण होती, तेवढं मला पुरलं होतं.