डोळे आलेत, एवढंच

आमच्या बाबांना दुसऱ्याला त्रास देणं कधी जमलंच नाही. लोक याला सभ्यपणा म्हणतात. मी मात्र या गुणाला मनातल्या मनात शिव्या घालत आले आहे.

त्यांना काचबिंदू होता. दुखत नाही म्हणून डावा डोळा त्यांनी कधी दाखवलाच नाही, तो गेला. उरलेल्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी हिंजवडीत नवी नवी नोकरीला लागले होते. डोळ्यात पाणी साठून आतला दाब वाढत होता. डॉक्टरबाईंनी त्या पाण्याला बाहेर पडायला बारीकशी वाट करून दिली. ते वरच्या पापणीआड एका छोट्या फुगीर जागेत येतं आणि मुरतं. वाट बुजू नये म्हणून ऑपरेशनच्या वेळी जे औषध लावतात, त्यामुळे तिथलं आवरण दुधावरच्या सायीसारखं पातळ राहतं. तिथून जंतू सरळ डोळ्याच्या आत शिरू शकतात, आणि तेही कित्येक वर्षांनी.

हे डॉक्टरबाईंनी आम्हाला कागदावर चित्र काढून समजावलं होतं. बाबांच्या पापण्यांच्या कडांना सारख्या खपल्या धरायच्या. त्या रोज कोमट पाण्याने पुसा, म्हणाल्या. डोळा लाल झाला, दुखला, चिकटला तर त्याच दिवशी या, रविवार असला तरी. बाबांनी मान डोलावली आणि काही आठवडे पापण्या पुसल्या. मग दाब उत्तम राहायला लागला, पेपर वाचता यायला लागला, आणि आमच्या घराने विषय संपल्याचं जाहीर करून टाकलं. आमच्याकडे ऑपरेशन एकदा झालं की झालं. त्याची पुढची उस्तवार असते हे कोणाच्या डोक्यातच येत नाही.

ऑपरेशनला बरीच वर्षं झाल्यावर एका पावसाळ्यात शहरात डोळ्यांची साथ आली. दादाच्या ऑफिसात अर्धी माणसं काळे चष्मे लावून बसली होती. मग दादाचे डोळे आले, वहिनीचे आले, आणि बाबांचा डोळा लाल झाला. दादाने स्वतःच्या अर्ध्या वापरलेल्या बाटलीतले थेंब त्यांच्या डोळ्यात घातले. व्हायरल आहे, आपोआप जातं, असं सांगून तो कॉलवर बसला. जगातला कुठलाही सर्व्हर आजारी पडला तर दादाला घरबसल्या कळतं. शेजारच्या खोलीतला डोळा मात्र त्याला कळला नाही.

मी बाणेरला राहायचे. फोनवर बाबा म्हणाले, सगळ्यांचे आलेत तसे माझेही आलेत, उगाच रजा टाकू नकोस. दुखतंय का विचारलं तर म्हणाले, थोडंसं. डॉक्टरांकडे जा म्हटलं, तर बघू म्हणाले.

शनिवारी मी शनिवार पेठेतल्या घरी पोचले, तेव्हा ते काळा चष्मा लावून खुर्चीत बसले होते. मी चष्मा काढला. साथीत सगळ्यांचे दोन्ही डोळे लाल होते. बाबांचा आंधळा डावा डोळा स्वच्छ पांढरा होता, आणि उजवा पिवळ्या पुवाने चिकटलेला. मी समोर बोटं धरली. किती आहेत ते त्यांना सांगता येईना. मी दादाला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

रिक्षाने दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाईंनी मशीनमधून बराच वेळ पाहिलं. जंतू त्या पातळ जागेतून डोळ्याच्या आत पसरलेत, डोळ्यातच इंजेक्शन द्यावं लागेल, आत्ता, असं म्हणाल्या. नजर किती वाचेल ते सांगता येणार नाही, हेही म्हणाल्या. मग त्यांनी बाबांना विचारलं की इतके दिवस आलात का नाही.

बाबा अगदी शांतपणे, थोडं अभिमानानेच म्हणाले, "अहो, तुमच्याकडे ऑपरेशन झालेली माणसं बसलेली असतात. त्यांना माझ्यामुळे लागण व्हायला नको."

डॉक्टरबाईंनी मशीन बाजूला सारलं.

"काका, ऑपरेशन झालेला माणूस तुम्ही आहात."

इंजेक्शनं झाली, पुन्हा झाली. आता बाबांना ट्यूबलाइट चालू आहे की बंद एवढंच कळतं. भेटायला येणारी माणसं सांगतात की ऑपरेशनच नको होतं करायला. मग मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं: ऑपरेशनने तो डोळा टिकवला होता, घालवला आम्ही. पण त्यातलं बाबांचं ते उत्तर सोडून त्यांना बाकीचं काही लक्षात राहत नाही. "दवाखान्यातल्या परक्या माणसांचासुद्धा किती विचार हो," असं म्हणून ती बाबांचा हात हातात घेतात. बाबा लाजून हसतात. त्यांना अजूनही ते ऐकून बरं वाटतं, आणि ते बघवत नाही म्हणून मी आत निघून जाते.