लेक माजी हाय

बीडच्या स्टँडजवळच्या नेट कॅफेत बसून मी आमच्या चर्चची वेबसाइट बनवली, माउसशिवाय नुसत्या कीबोर्डवर चालेल अशी. "कोन वापरनार बे?" म्हणत मित्र हसले होते.

एकदा त्याच कॅफेत थरथरत्या हातांचे एक गृहस्थ आले. लेकीच्या लग्नासाठी वेबसाइटवर अर्ज भरून चर्चचा हॉल मागायचा होता. त्यांनी माउस धरताच पडद्यावरचा बाण सैरावैरा पळू लागला. मी एका रकान्यातून पुढच्यात नेणारं टॅबचं बटण दाखवलं. एका हातानं दुसरं मनगट धरून ते एकेक अक्षर दाबू लागले. न राहवून मी हात पुढे केला.

"ऱ्हाऊ द्या. लेक माजी हाय, मीच लिवनार."

अर्ज गेला. टोपी सरळ करून, मला सलाम करून ते ताठ मानेनं निघाले. त्यांचं नाव वाचायचंही मला सुचलं नाही. हसणारे मित्र नेमके त्याच दिवशी कुठं उलथले होते, कोण जाणे!