नसलेली बाई

हे आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेलं नाही. पोरांना ठाऊक नाही, भावाला नाही. शेवंतीला तरी सांगायला हवं होतं — माझी बायको — ती चैतात गेली. आता तुम्हाला सांगतो. मी चौथी शिकलेला माणूस, आडपडदा मला जमत नाही म्हणतात. मग हे इतकी वर्षं कसं जमलं? तेच तर.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. दुबईला अल क्वोजच्या मजूर कॅम्पात राहायचो, स्लॅबखाली फळ्या ठोकणारा शटरिंगचा सुतार. खोलीत आम्ही आठजण. शुक्रवारी सुट्टी. दुपारचं जेवण झालं की दाराला कडी, खिडकीला चादर, आणि व्हीसीआरवर कॅसेट. कसली, ते तुम्हाला कळलंच असेल.

बहुतेक सगळी घाणच. चित्र हलतंय, ट्यूबलाइटचा पांढराफटक उजेड, बाई कंटाळलेली — खाटकाचं दुकान बरं. पण एक होती, तिला गोष्ट होती. बोटीवरचा माणूस खूप दिवसांनी घरी येतो. पडदे हलतायत, दिवेलागणीसारखा पिवळा उजेड, मागे हळू बाजा. आणि हा गडी बायकोवर झडप घालत नाही. तिला खुर्चीत बसवतो, मागे उभा राहून तिचे केस विंचरतो. किती वेळ! खोलीत नुसती बोंबाबोंब. रत्नागिरीचा सलीम म्हणायचा, "अरे दादा, हिची वेणीफणी बघायला दार लावलं काय? यल्ला, पुढं ने!" मी रिमोट मांडीखाली दाबून बसायचो. "गप रे. माणूस घरी आलाय, दिसत नाही?" त्यावर हशा. पुढचंही मी बघितलंच — खोटं कशाला बोलू? पण डोक्यात राहिले ते केस.

पुढच्या रजेला गावी गेलो. दुपार होती, पोरं शाळेत. शेवंतीला पाटावर बसवलं आणि कंगवा घेतला. आमच्या कोकणात नवरा बायकोचे केस विंचरतो, ऐकलंय कधी? आधी ती हसली. मग रडली. म्हणाली, "आज लग्न झाल्यासारखं वाटतंय हो." आणि एकदम ताठ झाली. मान न वळवता विचारलं, "हे तुम्हाला शिकवलं कोणी? कोण आहे ती?"

कॅसेट — एवढं म्हटलं असतं तर? नाही म्हटलं. बाई ठेवली म्हटलं तर लोक मनातून मर्द म्हणतात. दार लावून असले पिक्चर बघतो म्हटलं तर हसतात. बायको हसेल, याला मी भ्यालो. म्हणालो, "आहे एक. फिलिपिनी. लॉन्ड्रीत असते." अशी कोणी नव्हतीच हो! नावसुद्धा मीच ठेवलं — मारिया.

ती रजा शेवंती माझ्याशी धड बोलली नाही. मीही परत कंगव्याला हात लावला नाही. पण निघताना बॅगेत कुळथाच्या पिठाशेजारी तिनं एक वेगळी पुडी ठेवली. तांदळाचे लाडू. "तिला द्या," म्हणाली. "तुमच्या तापाखोकल्याला तिकडं कोणीतरी आहे म्हणायचं. तीही घरदार सोडूनच आली असेल ना?"

लाडू मी आणि सलीमनं खाल्ले. पुढं दर रजेला पुडी. दर वेळी खाल्ली. एकदा तर गावी येऊन सांगितलं, "गूळ थोडा कमी घाल म्हणते ती." गूळ मला जास्त वाटला होता. आणि शेवंतीनं पुढच्या खेपेला खरंच कमी घातला.

मग नोकरी खलास झाली, मी कायमचा घरी आलो. तिनं एका शब्दानं विचारलं नाही. मी एका शब्दानं सांगितलं नाही. कितीतरी वर्षं एका छपराखाली आम्ही — सांगायला वेळ नव्हता, असं कसं म्हणू?

शेवटच्या आजारात मी तिला पेज भरवत होतो. तिनं माझा हात धरून थांबवला. म्हणाली, "माझ्यामागं मारियाला कळवा. आली तर नको म्हणू नका. तुम्हाला एकट्यानं राहायला येत नाही."

तेव्हाही सांगता आलं असतं.

मी म्हणालो, "कळवतो." आणि पुढचा चमचा भरला.