प्रविणच्या गाडीला नविनचा हात

मसोलीच्या नविनला कुठलीही बिघडलेली वस्तू दाखवा, तो आधी "त्यात काय आहे" म्हणणार आणि मग पक्कड शोधायला लागणार. पक्कड सापडेपर्यंतच त्या वस्तूचं बरं चाललेलं असतं. हे लोक म्हणत नाहीत, नविन स्वतःच म्हणतो, आणि तरी त्याचा हात काही आवरत नाही. घरचा मिक्सर त्याने दुरुस्त केल्यापासून चटणी पाट्यावर वाटतात. चिकूच्या वाडीतल्या पंपाचं तर नावच काढू नका. पण बायकोच्या माहेरी, आशागडला, त्याचा काय तो मान! ह्यांच्या हाताला गुण आहे, असं सुषमा तिथे छातीठोकपणे सांगायची. तेवढ्या एका वाक्यावर नविन सासरवाडीत ताठ मानेने जेवायचा.

म्हणूनच २०१७ साली सुषमाचा धाकटा भाऊ प्रविण जहाजावर नोकरीला निघाला, तेव्हा आपली निळी गाडी त्याने नविनच्या वाडीत आणून ठेवली. परत आला की लग्न, आणि वरात नवरीच्या गावी, तलासरीला, याच गाडीतून न्यायची होती. नविनने शहाणपणा करून गाडी चांगल्या दाट चिकूखाली लावली. त्या झाडाचे चिकू उतरवले तेव्हा चीक टपटप बॉनेटवर गळला आणि वाळून बसला.

आता चिकूवाल्याच्या घरात चीक दिसला की हात आपोआप गोणपाटाकडे जातो. उतरवलेला चिकू पाण्यात घालून गोणपाटाने चोळला की कसा तुकतुकीत होतो. नविनने बॉनेटही तसंच चोळलं, जोर लावून. पाणी ओघळून गेल्यावर बघतो तर रंगावरचा चकचकीत थर गेलेला आणि तिथे ताटाएवढा पांढरट चट्टा. वा रे पठ्ठ्या, नविन स्वतःला म्हणाला, गाडीचा चिकू केलास. गाडीचं एकवेळ होईल काहीतरी, पण आशागडला सुषमाचा शब्द खोटा पडणार होता.

गॅरेजला न्यावी, तर बातमी गाडीच्या आधी आशागडला पोहोचली असती. मग काय, स्वारी चारोटीला जाऊन पॉलिश पेपर आणि वरच्या थराचा स्प्रे घेऊन आली. सुषमाला दिसू नये म्हणून गाडीभोवती ताडपत्री बांधली. धूळ लागते, असं तिला सांगितलं. तिने चहा तेवढा ताडपत्रीखालून आत सरकवला.

नविनने पेपर ओला करून चट्टा हलक्या हाताने घासला. कडेला चिकाचे दोनचार धागे उरले होते. हाताला लागलेल्या चिकावर वाडीत सगळ्यांचा एकच इलाज, खोबरेल. त्याने बॉनेटला खोबरेल चोळलं, फडक्याने वरवर पुसलं आणि त्यावरच स्प्रे मारला. डब्यावर बारीक अक्षरात बरंच काही छापलं होतं, पण चष्मा घरात होता. वर चिलटं येऊन चिकटली. ती सुषमाच्या केसांच्या आकड्याने उचलली आणि खड्डे पडले म्हणून आणखी एक हात मारला. सकाळी बॉनेट असं चमकलं की नविनने त्यात बघून मिशीला पीळ भरला.

प्रविण आला, गाडीवर बेहद्द खूश झाला. वरातीसाठी गाडी सजवायचं कामही नविननेच मागून घेतलं. प्रविण आणि निलम अशी नावं असलेला थर्माकोलचा बदाम त्याने रुंद चिकटपट्टीने नेमका त्या जागेवर लावला. उगाच कोणाची बारीक नजर पडायला नको. वरात तलासरीला जाऊन नवरीला घेऊन थाटात परत आली.

दुसऱ्या दिवशी आशागडच्या अंगणात सगळं माहेर बसलेलं असताना प्रविणने चिकटपट्टी ओढली. तिच्याबरोबर नविनची सगळी कारागिरी दुधावरच्या सायीसारखी अखंड निघून आली. खाली तोच पांढरट चट्टा.

"माझ्या हातून झालं रे," सुषमा म्हणाली. "मीच घासली गोणपाटाने."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. हिचं हे नेहमीचंच, त्या नव्या सुनेला सांगू लागल्या, मिक्सर हिने जाळला, पंप हिने बंद पाडला, जावई बिचारे निस्तरत बसतात.

नविनला आधी काही उमगेना, आणि मग सगळंच उमगलं. गोणपाटाचं तर त्याने तिला सांगितलंही नव्हतं. इतकी वर्षं तो या घरात ताठ मानेने जेवत होता, ते बायकोने खाली घातलेल्या मानेवर. त्याला भयंकर लाज वाटली आणि तिच्याविषयी फार माया आली.

"आई, मिक्सर मी बिघडवला," तो म्हणाला. "पंपही मीच. आणि गाडीसुद्धा."

कोणाचाही विश्वास बसला नाही. बायकोला कसे सांभाळून घेतात बघ, असं सासूबाई निलमला कौतुकाने म्हणाल्या. प्रविणने तर गाडीची चावीच पुढे केली, की भावोजी, तुमच्या हाताला गुण आहे, आता तुम्हीच ती नीट करून द्या.

सुषमा तोंडाला पदर लावून हसू दाबत होती. नविनच्या जिभेवर "त्यात काय आहे" आलंच होतं. ते त्याने गिळलं.

"गॅरेजला ने," तो म्हणाला.