पत्राची मागची बाजू

करसल्लागाराच्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात त्यांना सगळे चाळणीबाई म्हणत. हे नाव साहेबांनीच पाडलं होतं, तेही कौतुकानं. बाई टायपिस्ट म्हणून लागल्या तेव्हा त्यांना करातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण टाइप करता करता त्या वाचायच्या, आणि अडलं की विचारायच्या. साहेब वैतागून म्हणायचे, "अहो, छापा की आहे तसं!" बाई छापायच्या, पण दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न पुन्हा विचारायच्या. असं करत सव्वीस वर्षांत फंडांचं सगळं काम त्यांच्या टेबलावर येऊन बसलं.

काम दिसायला साधं. फंडात पैसे गुंतवलेल्या माणसाच्या खात्यात वर्षातून तीन-चारदा रक्कम जमा होते. बँकेला ती सगळी सारखीच. पण त्यात थोडं व्याज असतं, थोडा लाभांश, थोडा फंडानं शेअर विकून मिळवलेला नफा, आणि कधीकधी चक्क त्या माणसाचं स्वतःचंच मुद्दल परत आलेलं असतं. प्रत्येकाचा कर वेगळा. मुद्दलावर तर करच नाही. फक्त ते जेवढं परत आलं, तेवढी मूळ खरेदीची किंमत कमी करून ठेवायची. लोकांच्या लेखी सगळे घोडे बारा टक्के. बाई मात्र एकेक आकडा त्याच्या त्याच्या घरात नेऊन बसवायच्या.

एका सकाळी नर्सबाई आल्या. बहात्तरीच्या, सडसडीत, आयुष्यभर वॉर्डात हुकूम सोडल्यामुळे आवाज अजून खणखणीत. घराचं छप्पर गळत होतं आणि दुरुस्तीसाठी फंडातला थोडा भाग विकायचा होता.

"किती कर बसेल तेवढं सांग," त्या खुर्चीत टेकत म्हणाल्या. "आणि फार नको विकायला. माझी कोंबडी शाबूत राहिली पाहिजे. मी नुसती अंडी खाते."

मूळ खरेदीची किंमत काढायला बाईंनी जुनी फाइल उघडली. फंडाचं वार्षिक पत्र हातात घेतलं आणि सहज उलटलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरात चार ओळी होत्या. शेवटची ओळ मुद्दल परतीची, आणि तिच्यापुढचा आकडा सगळ्यात मोठा.

बाईंनी आपली नोंदवही पाहिली. संपूर्ण रक्कम लाभांशात. त्याच्या आधीच्या वर्षी तेच, त्याही आधी तेच. तीन वर्षांपूर्वी फंडानं पत्राचा नमुना बदलला होता. पुढे नुसती बेरीज, तपशील मागे. आणि बाईंनी पान उलटलंच नव्हतं. अक्षर त्यांचंच होतं, निळ्या शाईतलं, सुबक.

"काय गं, काय दिसलं त्यात?" नर्सबाईंनी विचारलं.

"मला दोन दिवस द्या," बाई म्हणाल्या. "काहीतरी तपासायचंय."

त्या संध्याकाळी जेवताना घास तोंडात फिरत राहिला. त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. माणसाचा ठोका चुकला की त्यांना लगेच कळायचं.

"कुणी काही बोललं का तुला?"

"कुणी बोललं असतं तर बरं झालं असतं, अहो. चूक मीच केलीय, आणि मलाच ठाऊक आहे."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "एकाच पत्रात असेल कशावरून?"

हा विचार त्यांना शिवलाही नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी त्या फंडाच्या सगळ्या फायली काढल्या. एकेचाळीस माणसं. रोजचं काम सांभाळून, दुपारची सुट्टी मोडून, पत्र उलटायचं, चार आकडे लिहायचे, पुढे. पहिल्या दोन दिवसांतच सात जणांचा गोंधळ सापडला आणि त्या साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कुणी विचारलंय का?"

"नाही."

"मग झालं तर! झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढच्या वर्षीपासून नीट लिहा."

"साहेब, त्यांनी विचारलं नाही, कारण त्यांना वाटतं आपण बघतोय."

साहेब दोन दिवस बोलले नाहीत. दार आपटणं, चहा परत पाठवणं, सगळं झालं. तिसऱ्या दिवशी ते स्वतः खुर्ची ओढून बाईंच्या टेबलाशी बसले आणि म्हणाले, "द्या अर्ध्या फायली इकडे."

नर्सबाईंना मात्र बाईंनी एकटीनंच तोंड दिलं. कागद पुढे सरकवला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "नर्सबाई, माझी चूक झाली. तीन वर्षं तुमच्याकडून जास्तीचा कर भरला गेला. दोन वर्षांचा अर्ज करून परत मिळेल. सगळ्यात जुन्या वर्षाची मुदत गेली."

"मग पैसे येणार ना? रडतेस कशाला?"

"त्यासाठी नाही. तुम्ही समजत होता ती अंडी नव्हती. फंडाची कमाई घटली होती, म्हणून ते तुमचंच मुद्दल तुम्हाला परत देत होते. तीन वर्षं तुम्ही कोंबडीच खाताय. मी वेळेवर पान उलटलं असतं, तर तेव्हाच सांगितलं असतं."

नर्सबाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"उरलीय किती?"

"दोन तृतीयांश. आणि खरेदीची किंमत कमी धरावी लागते, म्हणून आता विकताना नफा जास्त दिसेल, त्यावर थोडा करही बसेल. तेही आत्ताच सांगते."

"पेशंटला असंच सांगावं लागतं," नर्सबाई हळूच म्हणाल्या. "डॉक्टर पळ काढायचे, मग मी सांगायची." मग एकदम जुना आवाज आला. "बरं, आता पथ्य काय ते लिहून दे."

दोघींनी मिळून हिशेब मांडला. छपरापुरतंच विकायचं, वरची खोली भाड्यानं द्यायची, आणि फंडातून येईल त्यातली खरी कमाई तेवढीच खर्चायची. मुद्दल आलं की पुन्हा गुंतवायचं. नर्सबाईंनी महिन्याभरात भाडेकरू शोधला, तोही कडक मुलाखत घेऊन.

एकूण सतरा जणांचे कागद चुकले होते; बाकीच्यांच्या योजनेत पत्राचा नमुना बदललाच नव्हता. नर्सबाई सोडून उरलेल्या सोळाही घरी बाईंनी स्वतः फोन केला. पत्रावर सोडलं नाही. एका व्यापाऱ्यानं नको नको ते सुनावलं आणि आपल्या फायली दुसरीकडे नेल्या. बाकीचे राहिले. मुदत टळलेल्या वर्षाची भरपाई बाई पगारातून कापून द्यायला निघाल्या, तेव्हा साहेब खवळले: "सही माझी आहे खाली! की माझी सही फुकटची वाटते तुम्हाला?" ती रक्कम ऑफिसनं भरली.

बाई आता साठीच्या आहेत आणि आठवड्यातून तीन दिवस येतात. नव्यानं लागलेल्या माणसाला काम शिकवायचं झालं, तर बाई त्या तीन वर्षांची नोंदवही आणि फंडाची पत्रं काढतात, निळ्या शाईतलं ते सुबक अक्षर दाखवतात आणि आधी त्यात बाईंचीच चूक कुठे आहे ते शोधायला लावतात. सापडेपर्यंत मदत करत नाहीत. कुणाला तासभर लागतो, कुणाला पूर्ण दुपार. बाई शेजारी बसून आपलं काम करत राहतात.