आता कायले?

माझी आई माझ्याच घरात दोन वर्षं अर्धपोटी राहिली. दोन्ही वेळा चूल पेटत होती, डबे भरलेले होते, आणि माझी आई अर्धपोटी होती. हे मला एका परक्या पोरीनं सांगितलं तेव्हा कळलं. आजवर मी हे कुणाजवळ बोललो नाही. लिहितानासुद्धा कान गरम होतात, पण एकदा लिहून टाकतो.

बाबा गेल्यावर आईला फुलसावंगीहून महागावला आणलं. वावर बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं, कसायला दिलं. आईनं तेव्हा सत्तरी गाठली होती. मी सरकारी कचेरीत हेडक्लार्क, बायको शाळेत मास्तरीण, पोरगा पुण्याला नोकरीवर. म्हणजे दिवसभर घरात आई एकटी. भाकरी तीच थापायची. नको म्हटलं तरी ऐकायची नाही.

आता माझ्याबद्दल सांगतो, कारण दोष सारा तिथंच आहे. मला सगळ्यातलं कळतं असा माझा फार जुना समज. कचेरीत कुणाला शिंक आली तर विचारायच्या आधी मी काढा सांगतो. रोज सकाळी मोबाइलवर आरोग्याचे संदेश येतात, ते मी वाचतो आणि पुढे वीस जणांना पाठवतो. त्यात म्हाताऱ्या माणसांबद्दल भारी ज्ञान असतं. साठीनंतर भूक मरते. साठीनंतर झोप उडते. दात पडायचेच, त्याला इलाज नाही. म्हातारं माणूस लहान लेकरासारखं होतं, त्याचं फार मनावर घ्यायचं नाही. चहा पिता पिता मी हे सारं आईला मोठ्यानं वाचून दाखवायचो. म्हाताऱ्या माणसाला म्हातारपण समजावून सांगायचो मी! ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "असं म्हणते का? असंन बापा."

पहिल्याच हिवाळ्यात बटईदारानं तुरीच्या शेंगांचं पोतं आणून टाकलं. बायकोनं मीठ घालून शेंगा उकडल्या. पोरगा सुट्टीवर आलेला होता. आम्ही चौघं परातीभोवती बसलो. आई शेंगा सोलत होती आणि दाणे पोरासमोर सारत होती. सोलता सोलता पदर तोंडाशी धरून म्हणाली, "बाबू, आपल्या गावच्या पाटलीनबाईनं कवळी बसवली म्हणते. चांगली बसली म्हणते."

मी म्हटलं, "आता कायले वं? आता कोण्या लगनात मिरवाचं आहे तुले?"

पोरगा खो खो हसला. बायकोलाही हसू आवरलं नाही. आणि आई तर सगळ्यांत जास्त हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पदर तोंडावर तसाच. "तेच तं म्हणतो मी," ती म्हणाली, "आता कायले!" दुसऱ्या दिवशी हा विनोद मी कचेरीत तिखटमीठ लावून सांगितला. तिथंही सगळे हसले.

एक गोष्ट इथंच सांगायला पाहिजे. चोपन्न वर्षांचा झालो तोवर मी माझ्या आईला जेवताना कधी पाहिलं नव्हतं. खोटं वाटेल, पण आपापल्या घरी आठवून पाहा. गावी आधी बाबा जेवायचे, मग आम्ही पोरं, मग सालदार गडी. सगळ्यांचं उरकलं की ती चुलीकडे तोंड करून, दाराकडे पाठ करून बसायची. तोवर आम्ही घराबाहेर. काय खाल्लं, किती खाल्लं, कुणी विचारलं नाही. आम्हाला ठाऊक एवढंच, की विचारलं तर ती म्हणते, "माह्यं झालं." महागावातही तेच. दुपारी मी नि बायको डबा खायचो कामावर. संध्याकाळी आम्ही घरी येईस्तोवर आई हात धुऊन बसलेली. "मी उजेडीच जेवली बापा. माह्यं झालं."

बायकोला शंका आली होती. तिला मी श्रेय देतो, कारण मी तेव्हा तिला गप्प केलं होतं. ती म्हणाली, "अहो, आईंच्या जेवणाचं काही खरं नाही. भाकरी तशाच राहतात टोपल्यात."

"वय झालं तिचं. या वयात माणसं चिमणीएवढंच खातात."

"तुम्ही पाहिलं का कधी त्यांना खाताना?"

"त्यात काय पाहायचं?" मी म्हटलं. वर तिला मोबाइलवरचा एक संदेशही वाचून दाखवला. साठीनंतर रात्रीचं अन्न विषासमान. आई जेवली म्हणाली तरी बायको रात्री तिच्या खोलीत मऊ खिचडी नेऊन ठेवायची, ती मी त्या दिवसापासून बंद करवली. रात्री कपभर दूध, बस्स. आईनं विचारलंसुद्धा नाही काहून म्हणून.

त्यानंतर काही दिवसांनी खलबत्त्याची भानगड सुरू झाली. गावाहून येताना आईनं आपला लोखंडी खलबत्ता गाठोड्यात बांधून आणला होता. शेजारच्या काकू बायकोला म्हणाल्या, तुमच्या सासूबाई रोज दुपारी काय कुटतात हो, आमची झोपमोड होते. हसत हसत म्हणाल्या, पण म्हणाल्या. मला ते लागलं. एका दुपारी मी फाइल विसरलो म्हणून घरी आलो, तर खरंच, आतून ठक ठक, ठक ठक. मागच्या खोलीत गेलो. आई भिंतीकडे तोंड करून जमिनीवर बसलेली, मांडीशी खलबत्ता. मला पाहून तिनं झटकन खलबत्त्यावर पदर टाकला.

"कायले ठोकून राह्यली वं भर दुपारी?"

"काही नाही, असंच. फल्लीदाणे कुटत होती."

"अवं, मिक्सर आहे नं घरात. दोन मिनटाचं काम!"

"आहे नं बापा," ती म्हणाली. मिक्सरला ती भ्यायची. एकदा त्यातून ठिणगी उडाली होती, तेव्हापासून ती त्याच्या जवळ जात नव्हती. हे मला माहीत होतं.

मी काय अर्थ काढला? की आईला चळ लागला. म्हाताऱ्या माणसांना असा कसला ना कसला चळ लागतो, हेही मी कुठंतरी वाचलेलं होतंच. पुढच्या रविवारी मी स्टूल घेतलं आणि खलबत्ता उचलून माळ्यावर, जुन्या कूलरच्या मागं ठेवून दिला. "आता आराम कर," मी म्हटलं. "लय कुटलं जलमभर." मला वाटलं मी फार मायेचं बोललो. आई खाली स्टूल धरून उभी होती. मी पडू नये म्हणून. "हळू रे बाबू," म्हणत होती, "हळू."

त्यानंतर आई वाळत गेली. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. ब्लाउज खांद्यावरून उतरायचे, बायकोनं दोनदा टाके घालून दिले. मी पाहत होतो, असं नाही की पाहत नव्हतो. पण माझ्याजवळ उत्तर तयार होतं ना! वय झालं की अंग आकसतं. कुणी विचारलं की मी हेच ठेवून द्यायचो. बोलताना ती सदा पदर तोंडाशी धरायची, त्याचंही उत्तर होतं माझ्याजवळ, जुन्या वळणाची बाई.

मग एका सकाळी कपडे वाळत घालता घालता ती अंगणात बसली ती बसलीच. उठताच येईना. चक्कर नाही, ताप नाही, फक्त पायात जीव नाही. आम्ही तिला उचलून दवाखान्यात नेलं. उचलताना माझ्या हाताला तिचं वजन कळलं.

डॉक्टरीणबाई नुकतीच शिकून आलेली पोर होती. तिनं आईला विचारलं, "आजी, काय काय खाता?"

"खातो नं समदं," आई म्हणाली, पदराआडून.

"आज सकाळी काय खाल्लं?"

आई माझ्याकडे पाहायला लागली. मी लगेच पुढे झालो, आपलं शहाणपण पाजळायला. म्हटलं, "मॅडम, वय झालं तिचं, या वयात भूक कमीच असते." त्या पोरीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं आईचा पदर हलकेच बाजूला केला. "आ करा, आजी."

आईनं आ केला. मी बाजूलाच उभा होतो, मलाही दिसलं. वरती दोन खुंट. खाली एका बाजूला तीन दात, तेही हलते, हिरड्या लालभडक सुजलेल्या. एका ठिकाणी पू. जिभेच्या कडेला दाताच्या टोकानं कापून कापून जखम झालेली. हे तोंड रोज माझ्यासमोर होतं. याच तोंडानं ती मला "जेवला का बाबू" म्हणून विचारत होती.

"कधीपासून आहे हे?" डॉक्टरीणबाईनं मला विचारलं.

"म्हातारपणी दात..." मी कसंबसं म्हटलं.

"काका, दात वयानं पडत नाहीत, रोगानं पडतात," ती म्हणाली. रागानं नाही, साधंच. "आणि भूक वयानं मरत नाही. यांना भूक लागते. यांना चावता येत नाही." मग आईकडे वळून तिनं विचारलं, "भूक लागते ना आजी?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून, चोरी कबूल करावी तशी, म्हणाली, "लागते माय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथं दुसऱ्या खुर्चीवर एक बाई लेकरू घेऊन बसली होती, तीही माझ्याकडे पाहत होती. पाहू दे, तिचं काय चुकलं!

आईला सलाइन लावली. बायको तिच्याजवळ थांबली आणि मी कपडे आणायला म्हणून घरी आलो. का कोण जाणे, आल्या आल्या मी स्टूल लावलं आणि खलबत्ता खाली काढला. धूळ बसली होती. बत्ता बाहेर काढला तर तळाशी काळपट पापुद्रा चिकटलेला. नखानं खरवडला. भाकरीचा होता. जवारीची वाळलेली भाकर आणि शेंगदाणे, खवट वास येत होता. माझी आई दुपारी घरात कुणी नसताना भाकरीचा चुरा करून खात होती. दात नव्हते म्हणून तिनं ते लोखंडाचे करून घेतले होते. आणि मी ते तिच्या तोंडातून काढून माळ्यावर टाकले होते, ती स्टूल धरून उभी असताना. मी तिथंच ओट्याला टेकून रडलो. चोपन्न वर्षांचा हेडक्लार्क.

पुढचं लवकर सांगतो. उरलेले दात काढले, हिरड्या भरून यायला बरेच दिवस लागले. तेवढे दिवस रोज सकाळी कचेरीत जायच्या आधी मी भाकर आणि दाणे कुटून ठेवायचो. शेजारच्या काकूंना सांगून टाकलं, झोपमोड होईल, माफ करा. त्यानं काही फिटत नाही, मला माहीत आहे. आई ओशाळून म्हणायची, "तू कायले कुटतं रे? राहू दे नं." हा कायले ऐकला की मला तोंडात मारल्यासारखं व्हायचं. आरोग्याचे संदेश पाठवणं बंद केलं. वीस जणांपैकी एकानंही विचारलं नाही, का बंद झाले म्हणून.

कवळी बसली. पहिले काही दिवस ती टोचते म्हणून आईनं काढूनच ठेवली, मग थोडी थोडी सवय झाली. एका रविवारी बायकोनं गरम भाकरी केल्या, वांग्याची भाजी, वर ठेचा. आई सवयीनं ताट घेऊन भिंतीकडे वळायला लागली. मी माझं ताट उचललं आणि तिच्यासमोर जाऊन जमिनीवर बसलो. ती अवघडली. "तू जेव नं वर टेबलावर," म्हणाली. मी म्हटलं, "इथंच जेवतो."

तिनं भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला, तोंडात घातला. हळूहळू चावू लागली. कडेनं कवळीचा बारीक आवाज येत होता. मी पाहत होतो. आईला जेवताना पाहत होतो. तिच्या डोळ्यांत ठेच्यानं पाणी आलं, तरी तिनं दुसरा घास ठेच्यालाच लावला. तिला ठेचा इतका आवडतो हे मला माहीत नव्हतं.

शेवटी मला राहवलं नाही. "आई," मी म्हटलं, "तू सांगतलं काहून नाही मले?"

तिनं घास नीट चावून गिळला. रागाचं नावही नव्हतं तोंडावर. जुनी, विसरलेली एखादी गोष्ट आठवून द्यावी, तशी म्हणाली, "सांगतलं तं होतं, बाबू. त्या शेंगांच्या दिवशी. तू हासला."

मग माझ्या ताटात भाजी वाढता वाढता म्हणाली, "मंग मी बी हासली."